हर्टचा भूतकाळ

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका सुजलेला गाल धरून, गुपचूप पळ काढावा का या विचारात बसले होते. शेजारी एक नात आजोबांना बिलगून बसली होती.

“आजोबा, इंग्रजीत दुखणं म्हणजे हर्ट. मग काल दुखलं, त्याला काय?”

“हर्टच.”

“आणि दुखलेलं?”

“तेही हर्टच, बाळा.”

“म्हणजे दुखणं कधी बदलतच नाही? मग मी नाही दात काढून घेणार, जा!”

“अगं वेडाबाई, शब्द तोच राहतो. पण वाक्यात ‘काल’ आला, की दुखणं सरलं म्हणून समजायचं.”

आतून नातीला बोलावणं आलं. थोड्या वेळानं ती गालात कापूस धरून बाहेर आली.

“आजोबा, उद्या वाक्यात ‘काल’ घालायचा हं!”

“डॉक्टर, माझाही काढा एकदाचा,” म्हणत शिंपीकाका उठले.