बोटाचं इंजेक्शन

— नाय नाय, बोटात नाय देत, पोटरीत देतात. बोटॉक्स हे नुसतं नाव हाय त्याचं, कडक पाय सैल करायची सुई. माझी बी तीच गत झालती बाई — डॉक्टर म्हणले, आजी, रूपाला बोटॉक्स देऊ, अन् मी लगेच नातीची मूठ उघडून बोटं पुढं केली. म्हणलं, दुखणं पायाचं अन् सुई बोटाला, पण शिकलेली माणसं हाईत, असंल काहीतरी. अख्खा दवाखाना हसला. रूपा तर सगळ्यात जास्त. तिला सगळं कळतं बरं का. जन्मल्यावर रडायला उशीर झाला, मेंदूला हवा कमी पडली, म्हणून पाय कडक — अक्कल शाबूत हाय. माझ्यापेक्षा जास्तच.

तुझं केवढं? — दीड वर्षाचं व्हय? मग येळेत आलीस की. आम्ही सिल्लोडला चार वर्षं तेल चोळत बसलो. शेजारची चतुराबाई म्हणायची, नजर लागली. आमचे हे म्हणायचे, आमच्या घराण्यात पोरं उशिराच चालतात. मी दोघांचं बी ऐकलं. मग इथं ह्या मोठ्या दवाखान्यात आलो — सुई झाली, पलस्तर झालं, प्लास्टिकचे बूट आले. अन् रोज अर्धा तास तिला उभ्या फळीला पट्ट्यानं बांधून उभं करायचं. — करत व्हते की. म्हणजे, इथल्या व्यायामाच्या मॅडमला तसंच सांगत व्हते. खरं सांगू? पोरगी रडायची, तिचे आई-बाप दोघं कामाला, आमचे हे रानात, घरात आम्ही दोघीच — मी पाच मिनिटांत सोडायची अन् कडेवर घ्यायची. सहा वर्षांची घोडी, कंबर मोडते माझी, तरी घ्यायची. तिनं गळ्यात हात टाकला की बरं वाटायचं. तिला नाय, मला. — हे कुणालाच बोलले नव्हते बघ, तुझ्याजवळ कसं निघालं कुणास ठाऊक. दिवाळीनंतर मॅडमनं पाय तपासला, पुन्हा आखडला व्हता. म्हणली, असंच चाललं तर ऑपरेशन. अन् माझ्याकडं बघितलं. लई लाज वाटली बाई.

तवापासून पुरा अर्धा तास. ती रडते, मी बी रडते, पण सोडत नाय. आज वॉकर धरून त्या दारापासून ह्या बाकड्यापर्यंत एकटी येणार हाय. अन् मी जागचं हलायचं नाय, मॅडमची सक्त ताकीद हाय. — उघडलं बघ दार. आली. टाच टेकतीय का गं? मला नीट दिसंना. — थांबली. का थांबली? — ‘आजी, कडेवर घे’ म्हणतीय. ऐकलंस ना, घे म्हणतीय.

माझा पदर धर बाई. घट्ट धर. — नाय घेत, रूपा. तूच ये.

तू काय बोलू नको आता बाई, नायतर उठीन मी.