डिकीचा टेकू

न्हाई न्हाई, पाना मग लावा, आधी ते पाकीट द्या माझ्याकडं. — आवं, तुमच्यावर भरवसा न्हाई असं कुटं म्हटलं मी? पण ह्या गाडीचं सामान मिळत न्हाई हे सगळ्या पौडात ठावं हाय. स्टेशन वॅगन म्हणं — कंपनीनं कवाच बंद केली. पुढनं मोटार आन मागनं टेंपो, असली गाडी आमच्या हैबतरावांशिवाय कोण घेतंय! मग तिच्या डिकीचं दार उचलून धरणारे शॉकर तुमाला एकदम कसे घावले? — नाना पेठेत. बरं. जोडी हाय न्हवं? दोन्ही एका मापाचे? — बाईमाणसाला काय कळतं म्हणून विचारू नये की काय? धरा पाकीट. करा काम. मी हितंच बसती पायरीवर. ऊन बी मिळतं आन नजर बी ऱ्हाती.

शेखरनं पाठवलं न्हवं तुमाला? काय काय सांगितलं त्यानं? — नुसतं डिकीचं? 'जातोच हायेस तर आईआबांकडं बी जरा बघून ये' असं न्हाई म्हणाला? — हसता कशाला? माझा लेक हाय, मला त्याची चाल ठावं हाय. भूगावात फ्लॅट घेतल्यापासनं सरळ काय विचारत न्हाई. दिवाळीच्या आधी एक जण आला, शेगडी तपासायला पाठवलंय म्हणाला — शेगडीकडं घटकाभर बघितलं आन मग हैबतरावांशी गप्पा मारत बसला. आज वार कुठला, आबा? जेवलात काय, आबा? शेगडीवाल्याला वार कशाला पायजे? — आता हे काय? फोटो कशाचा काढलात? — जुना शॉकर कसा बसवलाय त्याचा? उलटा लागू नये म्हणून? मग दाखवा. — हां. शॉकरच हाय. आन मागं माझा पदर आलाय. आन हा गळ्यात बांधलेला हात बी आलाय थोडा. पुसा तो. पुसा म्हणती ना! — एवढा फोटो जरी भूगावात गेला तरी संध्याकाळच्या आत शेखर गाडी घेऊन दारात.

तुमचं नाव काय म्हणालात? — सद्दाम. पौडातला? कुणाचा रं तू? — मोहिद्दीनभाईंचा? बांगड्यांचं दुकान व्हतं त्या मोहिद्दीनभाईंचा? आरं मग आधी न्हाई सांगायचं! लग्नातला माझा चुडा तुझ्या आजीनं भरलाय. हात दाबून दाबून भरला, मी रडले तर म्हणाली, चंद्रे, आत्ताच रडून घे. — बरं हायेत का वडील? — असू दे, गुडघे कुणाचे ऱ्हायलेत. च्या टाकू का? एका हातानं येतो मला. — बरं, ऱ्हायलं. पण मोहिद्दीनभाईंचा हायेस म्हणून सांगती, हितलं हितं ठेव.

ते दोन्ही एकदम काढू नको हां, दार खाली येतं. एक काढ, एक बसव. टेकू लाव आधी — ते काय, भिंतीला हाय, बाभळीचं लाकूड. त्याला खाच हाय बघ वर, ती कुलपाच्या आकड्यात बसती. हैबतरावांनीच तासलाय. शॉकर जायला लागले तसं थंडीत दार टिकंना. उन्हात ऱ्हायचं, सकाळच्या गारठ्यात मातूर हळूच खाली यायचं, पेंगल्यावानी. आन आमचं तर दुकानच ते. दर आयतवारी पोती मागं टाकायची, मारुंजीला सोसायटीच्या गेटापाशी डिकी उघडली की दुकान उघडलं. आंबेमोहोर, इंद्रायणी, थोडा हातसडीचा. त्या बाया विचारतात, ऑरगॅनिक हाय का? मी म्हणती, बाई, शेणात लोळलेला हाय, आता तूच ठरीव. हसतात आन घेतात.

तर आमचा एक नेम व्हता. दार उघडलं की एकानं विचारायचं, 'लावला?' आन दुसऱ्यानं टेकू आकड्यात बसवून, हलवून बघून सांगायचं, 'लावला.' त्याबिगर डोकं आत घालायचं न्हाई. मारुंजीतली पोरं आमची नक्कल करायची — आजी, लावला? आजोबा, लावला? — आमाला तोंडात बसलं व्हतं ते. दुसऱ्या कुणाच्या गाडीची डिकी उघडली तरी माझ्या तोंडात यायचं.

काय? — मग हा हात कसा दुखावला? दार पडलं वरनं. पडलं म्हंजी पडलं. शॉकर गेलेले, दार जड, पडायचंच की. शेखरला बी शॉकर गेले एवढंच सांगितलंय, हाताचं न्हाई. — लावला व्हता टेकू. पण सरकला. — वारा व्हता. — तू कशाला हलवून बघतोस आता? — न्हाई सरकत? जोरात हलवलास तर? — तर बी न्हाई. व्हय, खाच खोल हाय. चांगलं तासलंय त्यांनी. त्यांच्या हाताचं काम तसंच असतं. — असं का बघतोस माझ्याकडं? तू शॉकर बदलायला आलायस का पोलीस हायेस? खरं सांग, शेखरनं विचारायला लावलंय तुला! — अल्लाची शपथ घेऊ नको, शपथेनं मला भ्या वाटतं. — आकडा वाकडा झाला असंल तर तो बी बदलावा लागंल, म्हणून विचारतोयस? एवढंच? — न्हाई, आकडा चांगला हाय. आकड्याला काय झालं न्हाई.

टेकू काढला, बाबा. सरकला न्हाई, काढला. — मी न्हाई. मी आत वाकले व्हते, पोत्याचं तोंड सुटलं व्हतं ते बांधत. विचारलं व्हतं मी, 'लावला?' आन ते म्हणाले व्हते, 'लावला.' लावला व्हताच. मग ते गोठ्याकडं गेले आन परत आले. परत आले ते — कसं सांगू — दुसरेच कुणी असल्यावानी आले. मला आतनं ऐकू आलं, स्वतःशीच म्हणत व्हते, कुणाची गाडी ही, दार उघडं टाकून गेलेत, भाताला उंदीर लागतील. चांगुलपणानं म्हणत व्हते रं. आन चांगुलपणानंच टेकू काढला आन दार खाली घेतलं. मी तिथं वाकलीय हे त्यांच्या ध्यानातच न्हाई. पाय दिसत असतील की माझे. लुगडं दिसत असंल. खांद्यावर आलं सगळं दार.

ओरडले मी. तर पटकन वर केलं त्यांनी. मला धरून पायरीवर बसवलं, ह्याच पायरीवर, तांब्याभर पाणी आणलं. आन म्हणाले, 'बाई, लई लागलं का? तुमी कुणाकडं आलाय?' — बाई. लग्न झाल्यापासनं मला त्यांनी अगं म्हटलंय, ए म्हटलंय, चिडले की काय काय म्हटलंय. बाई कदी म्हटलं न्हवतं. मी म्हटलं, हैबतरावांकडं आले. तर म्हणाले, बसा, येतील ते इतक्यात.

नीट ऐकू आलं न्हवं? मग मान खाली घालू नको, काम कर तुझं. — हो, दुपारपर्यंत समदं आठवलं. हाताकडं बघून मलाच रागावले, टेकू न बघता वाकतेस कशी म्हणून! मी म्हटलं, चुकलं माझं. आन शेखरला फोन लावून म्हटलं, शॉकर गेले. ते काय खोटं न्हाई. गेलेतच की. तूच आत्ता हातानं दाबून दाखवलास, आत जातोय आन बाहेर यायचं नाव न्हाई. गाडीवर ढकललं तर काय बिघडलं? गाडीला काय वाटत न्हाई.

शेखरला सांग म्हणतोस? आन मग? तो वाईट न्हाई, माझा शेखर. पण तो उद्याच उचलून न्हेईल त्यांना, चौथ्या मजल्यावर. हितं त्यांना गोठा ठावं हाय, विहीर ठावं हाय, अंधारात बी मोरीपर्यंत जातात. तितं गॅलरीत उभं ऱ्हाऊन समोरच्या खिडक्या मोजतील. परवा फोनवर म्हणत व्हता, आई, गाडी विकून टाका, आबांचं वय झालं. मी म्हटलं, आबा तुझ्यापरीस चांगली चालवतात.

चालवतात बी! हसू नको. गिअर, ब्रेक, हात-पाय सगळं बिनचूक. फकस्त वाट विसरतात. मी बाजूला बसून सांगती — आता डावं, आता सरळ, आता सूसच्या अंगानं. लोकांना वाटतं म्हातारी लई बडबडी हाय. मला कुटं येती गाडी? पण समदे रस्ते पाठ झालेत माझे. — मागल्या आयतवारी मातूर... दुखऱ्या हातानं गेले व्हते मी, तांदूळ सांगून ठेवला व्हता लोकांनी. भूगावात, भर रस्त्यात, गाडी उभी केली त्यांनी. मी डावं म्हटलं, उजवं म्हटलं, हलेनात. मागं टेंपो ठणाणा करतायत. एक मोटरसायकलवाली पोरगी आमच्यावर आदळता आदळता ऱ्हायली, मागं बारकं लेकरू बांधलेलं तिच्या. आन हे माझ्याकडं वळून हळूच विचारतात, 'आपण कुटं चाललोय गं?' गं म्हणाले. त्याचंच बरं वाटलं मला त्या येळी, एवढी येडी मी. ते लेकरू रातच्याला डोळ्यापुढं येतं.

झाले दोन्ही? — सोड बघू दार. — अगं आई गं! कसं हळू वर गेलं. आन ऱ्हायलं की! एका बोटानं. गारठ्यात बी असंच ऱ्हाईल? — मग शेखरला फोटो पाठव आता ह्याचा. पाठव, खुशाल पाठव.

सद्दाम, थांब. पाने भरू नको. आणखी एक काम कर. गाडी सुरू व्हणार न्हाई असं कायतरी कर. — ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. — मी त्यांना चालवू नका म्हटलं, चावी लपवली, तर ते काय समजायचं ते समजतील. मग खाली मान घालून बसतील, म्हातारपणी माझा बाप बसायचा तसे. तसं नको मला. गाडीच बंद पडली तर कुणाचा अपमान न्हाई. — तांदळाचं बघीन मी. एसटीनं न्हेईन, न्हाईतर न्हाई न्हेणार. — वायर नुसती सैल करू नको, ती त्यांना लगेच घावंल. मला विसरतील पण गाडी न्हाई विसरत ते. काढून घे काय काढायचं ते. बारकं असू दे. — एवढंसं? ह्याच्यावर चालती व्हय एवढी धूड गाडी? काढ. काढ लवकर, गोठ्याचं दार वाजलं, आले ते.

— आवं, या, या! झालं बघा डिकीचं. हा मोहिद्दीनभाईंचा सद्दाम. — मोहिद्दीनभाई, बांगडीवाले. — व्हय, तेच. बघा की, बोटानं वर जाती. — चक्कर मारायची? आत्ताच? मारा की. चावी तुमच्याच खिशात हाय. — काय झालं? न्हाई व्हत सुरू? परत मारून बघा. — आता गं बया. — त्याला नका विचारू, तो डिकीचं काम करतो, त्याला इंजनातलं काय कळतं? — तुमीच बघता? बघा मग.

बघ, बाह्या वर केल्या. बॉनेट उघडलं. टोपी काढून ठिवली. आता दिवसभर हलायचे न्हाईत तिथनं, जेवायला सुदीक हाका माराव्या लागतील. कसं एक एक वायर बोटानं बघतायत. — डोळे पूस ते, दिसंल त्यांना. — ते खिशात हाय न्हवं तुझ्या? मग उभा का? जा.