मुकादमाच्या खडीतल्या गौरी

अरे, हसू नका. आज ज्याच्यावरून नाक दाबून जाता ना, तो दादरचा नाला आमच्या लहानपणी ओढा होता. तळाचे गोटे दिसायचे. त्यातलेच पाच खडे उचलून आई दर भाद्रपदात गौरी म्हणून घरी आणायची. रिवाज असा की, खडे उचलल्यापासून घरात शिरेपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे चालले होते, त्या वर्षी गेलो तर ओढ्याच्या दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती बांधायला घेतलेल्या. पाण्यापर्यंत जायला वाटच नाही. आईने इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीसाठी टाकलेल्या खडीच्या ढिगातून सरळ पाच खडे ताम्हनात घेतले.

"ओ बाई! खडी चोरताय?" मुकादम ओरडला.

आदल्याच दिवशी मोर्चात घोषणा देऊन शिवाजी पार्क हलवणारी माझी आई गप्प! मुकादम बडबडत थेट चाळीपर्यंत मागे आला. आईने आधी गौरी पाटावर ठेवल्या, आणि मग त्याला असा झाडला की बिचारा खड्यांना हात जोडूनच परत गेला.

विसर्जनाला तिने "जिथल्या तिथे" म्हणत खडे त्याच ढिगावर ठेवले. ते भिंतीत गेले.

भिंती झाल्या आणि ओढ्याचा नाला झाला. आम्ही त्या भिंतीला जन्मभर शिव्या घातल्या. आई मात्र दटावायची, "मेल्यांनो, हळू बोला. आत गौरी आहेत."