देवीनं नागव्वाची ओटी भरली

माझं माहेर माढ्याकडचं, लगीन करून दिलं वळसंगला. सासरी निम्मं बोलणं कानडी, सुरवातीला काय बी कळायचं न्हाय, सासू भाकरी मागायची अन् मी पाणी नेऊन द्यायची. ती वारली अन् तिच्या अंगातली देवी माझ्या अंगात आली. मी काय बोलावली न्हवती, काय सांगू तुम्हाला, भांडी घासता घासताच आली. मग दर मंगळवारी लोक यायचे, म्हस दूध देईना, पोरगी नांदंना, कुणी केलं सांग म्हणायचे. मला त्यातलं काय आठवत न्हाय, घुमून झालं की सून सांगायची, आत्या, आज असं असं बोललासा.

आमच्या शेजारी नागव्वा. नवरा लवकर गेला, लेक शिकून नर्स झाली, तिनं आईला स्लॅबचं घर बांधून दिलं. झालं, लोकांच्या डोळ्यावर आलं की. त्यातच माझ्या धाकट्या दिराच्या सुनेला, महादेवीला, झटके यायला लागले. दीर म्हणाला, ही भानामती हाय, नागव्वानंच केली, न्हायतर रांडमुंड बाईला स्लॅब कुटनं आला? मी म्हणलं, लेकीच्या पगारातनं आला की. तर म्हणतो, वैनी, तुमी गप बसा, देवी सांगंल. अन् देवीनं नाव घेतलं असतं तर नागव्वाला मारून गावाबाहेर काढली असती, हे लहान पोराला बी कळत हुतं.

मंगळवारी तिला धरून आणली. पुढचं मला सुनेनं सांगितलेलं. देवी आली, दीर इचारतोय, नाव घे, नाव घे. देवीनं ताटातला खण-नारळ उचलला अन् नागव्वाची ओटी भरायला गेली. विधवेची ओटी! नागव्वा पदर पुढं करंना, अव्वा, माझे आई, मला चालत न्हाय गं म्हणून रडाय लागली. देवीनं पदर ओढून भरली, कपाळाला भंडारा लावला. माणसं उठून गेली. दीर म्हणाला, देवी असं करतच न्हाय, वैनीनं सोंग केलं.

नंतर नागव्वाच्याच लेकीनं महादेवीला सोलापूरला दवाखान्यात दाखवलं, गोळ्या चालू हायत, झटके कमी हायत. दीर मात्र अजून बोलत न्हाय.

आता मी हितं शुक्रवार पेठेत लेकाकडं ऱ्हाते. नात इचारती, आजी, ती देवी हुती का तूच? मला न्हाय बाई ठाऊक. त्या दिवसापास्नं ती आली न्हाय. गावात म्हणतात, विधवेची ओटी भरायला लावली म्हणून रुसून गेली. गेली असंल. जाताना एका बाईचा जीव वाचवून गेली, लई झालं. तुमची बी लेकरंबाळं सुखात ऱ्हावूत, ताई. च्या घ्या, निवतुया.