श्वास आत आलाच पाहिजे

परळच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक गिरणीकामगार आणि त्याची बायको.

"अहो, प्रेशर चढलेलं निघालं तर संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला जायचं नाही."

"चढेल कशाला? विहारातल्या भन्तेंनी सांगितलंय तसं रोज डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतो ना!"

"लक्ष देता? चांगले ओरडता की, ‘श्वास आत आला!’"

"मनातच म्हणत असतो गं. पण घोषणांची सवय, आवाज चढतो."

"आणि अख्खी चाळ ओरडते, ‘आलाच पाहिजे!’"

"हो ना! मग माझीही मूठ वर जाते."

"अशानं उतरतंय प्रेशर! आज मोर्च्यात तोंड मिटून, नुसता श्वास बघत चालायचं. तरच सोडीन."

"मग घोषणा कोण देणार?"

"मी."

"तू? अगं, तुझा आवाज शेजारच्या खोलीत तरी जातो का?"

"तुमचे डोळे मिटलेले असतात म्हणून कळत नाही. रोज ‘आलाच पाहिजे’ पहिल्यांदा मीच ओरडते."