बंधाऱ्यावरच्या फेऱ्या

(१९७५चा भादवा. सोलापूरच्या दक्षिणेकडच्या एका गावाचा मातीचा बंधारा. राखणदार लालसाब आणि काशम्मा.)

लालसाब : सकाळपासनं ही चौथी फेरी, आक्का. भिंतीवर फिरायला सरकारनं मला ठेवलंय. तुला कुणी ठेवलंय?

काशम्मा : शेण बघतीया.

लालसाब : पाटी न घेता?

काशम्मा : पाणी कितीवर आलं रे?

लालसाब : सांडव्याला हातभर कमी. भरलं की जादाचं बाजूनं जाईल. औंदा वढा गावात शिरत न्हाय. दुष्काळात तूच टोपल्या वाहिल्यास की, आपल्याच कामावर भरवसा न्हाय व्हय?

काशम्मा : त्या दगडापाशी माती बसलीया. काल टाच बुडत होती, आज गुडघा.

लालसाब : घूस आसंल. टाकतो दोन पाट्या मुरूम.

काशम्मा : घूस न्हाय ती. खालच्या अंगाला पाझर सुटलाय. सकाळी निवळ होता, आता गढूळ येतोय.

लालसाब : गढूळ? म्हंजे आतली माती वाहतीया. आक्का, काय हाय तितं?

काशम्मा : आमचा कर्या.

लालसाब : बैल?

काशम्मा : दुष्काळात मेला. लोक म्हनले, माळावर टाका, गिधाडं हायती. बारा वर्सं राबला, त्याला गिधाडांपुढं टाकू? आमच्यात माती देत्यात. पर त्या साली रानात पहार शिरत नव्हती. मऊ माती हितंच, आमीच टाकलेली. बाजारादिशी काम बंद होतं. मी आन मालकांनी पुरला.

लालसाब : आख्खा?

काशम्मा : वरनं तुडवून तुडवून भरला. आता त्याच्या पोटाची पोकळी झाली आसंल.

लालसाब : आन तीन वर्सं गप?

काशम्मा : एवढं पाणी कवा तटलं होतं? मालक गेले, मलाबी वाटलं, मिटलं.

लालसाब : माझी लेक अजीजा बाळंतीण हाय खाली. चार दिवसांची.

काशम्मा : ठाव हाय. बाळाला काजळ मीच लावून आले.

लालसाब : ऐक. खालची घरं आदी रिकामी करतो. मग माणसं घिऊन सांडवा खोल करतो, पाणी उतरंल. ओवरशियरला सांगतो, घूस व्हती. तुझं नाव नक्को. बंधाऱ्यात मढं पुरलं म्हणून गाव तुला उभं करणार न्हाय.

काशम्मा : घूस म्हणलास तर वरवर बुजवून जातील. बैल म्हण.

लालसाब : नाव निघंल, आक्का.

काशम्मा : निघू दे. खणताना मला बोलीव. डोसक्याला पहार लागाय नको. त्याचं तोंड गावाकडं केलंय आमी.