पाइप गळला की गाडी थांबते

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या मंडळाच्या आदरणीय चित्राताई, मंचावर पुष्पगुच्छ सांभाळत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती यज्ञेश्वरराव, त्यांच्या शेजारी मुळीच न अवघडलेल्या पद्मिनीवहिनी, आणि मागच्या खोलीतल्या पोह्यांकडे लक्ष लागलेल्या बंधू-भगिनींनो,

यज्ञेश्वरराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून निवृत्त झाले. उद्या सकाळी ते रायपूर सोडून कायमचे वर्ध्याला निघालेत, आपल्या जुन्या व्हॅननं. वहिनी कशानं जाणार, हा प्रश्न मात्र समता कॉलोनीत वर्षभर लटकलेला आहे. मी त्यांचा शेजारी. ज्या दिवशी हा प्रश्न उभा राहिला त्या दिवशी मी व्हॅनच्या मागच्या सीटवर होतो, म्हणून अधिकारानं सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही तिघं अभनपूरला एका लग्नाला निघालो होतो. गाडीखाली ओला डाग दिसला. ब्रेकचं पेडलही मऊ लागत होतं. मी म्हटलं, आधी दाखवून घेऊ. आपले सत्कारमूर्ती साहेब हसले. “काहून घाबरून राहिले? पाइप गळला की गाडी आपोआप उभी राहते.”

मंडळी, यात त्यांची काय चूक? आगगाडीत ब्रेकच्या पाइपातली हवा गेली की चाकं आवळली जातात. जन्मभर त्यांनी हेच पाहिलं. मोटारीत मात्र ब्रेकचं तेल गेलं की पेडल खाली जातं आणि गाडी पुढे. अभनपूरच्या बाजारात तसंच झालं. गिअर खाली आणत, हँडब्रेक ओढत आम्ही एका पेंढ्याच्या ढिगात थांबलो. वहिनी उतरल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, “मी बसनं जातो. तुमची गाडी आपोआप उभी राहीन तवा सांगा.”

त्या दिवसापासून त्या व्हॅनमध्ये बसल्या नाहीत.

साहेबांनी मग मोटारीचा ब्रेक पहिलीपासून शिकायला घेतला. पेडल दोन-तीनदा दाबलं की वर यायचं, पाय ठेवून राहिलं की हळूहळू बसायचं. गाडीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं, तर डाग मागच्या डाव्या चाकापाशी. चाक उघडलं, आतलं रबर फाटलेलं निघालं. बीरगावच्या मिस्त्रीकडून सगळं नवं बसवलं. वहिनी तरी रिक्षानंच. आपल्या माणसाचा आपल्यावरचा भरवसा उडणं किती लागतं, ते मी शेजारून पाहिलं आहे. साहेब चिडले नाहीत, नुसते रोज गाडी पुसत राहिले.

आज सकाळी ते हारतुऱ्यांच्या गडबडीत असताना वहिनींनी मला हाक मारली. “भाऊजी, जरा पेडल दाबून धरा.” मी धरलं. त्या पदर खोचून खाली वाकल्या, चाकापाशी अंथरलेलं वर्तमानपत्र ओढून उजेडात उलटसुलट पाहिलं. कोरडं होतं.

“पेडल खाली जाऊन राहिलं का?”

“नाही वहिनी.”

“मग माझी पिशवी समोरच्या सीटवर ठेवा. त्यांना सांगू नका.”

चित्राताई, तुम्ही मला पाच मिनिटं दिलीत, मी किती घेतली ते विचारू नका. सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. वहिनी, तुमचं गुपित फोडलं, एवढी माफी मात्र वेगळी मागतो.

आणि यज्ञेश्वरराव, चष्मा पुसून झाला असेल तर उद्या जरा हळू चालवा.